सर्व्हर रूमला इन-रो एसी घेतले, त्याचा दीड वर्षाचा हिशोब

तीन स्प्लिट एसी, दोन-दोन टनाचे, तिन्ही १८ वर, चोवीस तास. नऊ वर्षं आमची सर्व्हर रूम अशीच चालली आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उन्हाळ्यात अकाउंटवाले काहीतरी निमित्त काढून आत येऊन उभे राहायचे, आणि मी स्वतः तिथं एक जुनं जर्किन खुंटीला टांगून ठेवलं होतं, आत काम असलं की ते घालायचं. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी आहे, मी तिथं आयटी बघतो, म्हणजे ईआरपीपासून प्रिंटरच्या टोनरपर्यंत जे काही वायरला जोडलेलं आहे ते सगळं. दीड वर्षापूर्वी आम्ही ते स्प्लिट बाजूला करून रॅकच्या मधे बसणारे दोन इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारे) इन-रो एसी घेतले, आणि तेव्हापासून आजूबाजूच्या कंपन्यांतले आयटीवाले येऊन बघून जातात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, पैसे वसूल होतात का. तर हा त्याचा हिशोब. मशीनच्या कंपनीचं नाव टाकत नाही, कारण माझ्या अर्ध्या तक्रारी इथल्या डीलरच्या कामाबद्दल आहेत आणि उरलेल्या अर्ध्या या साईजच्या कुठल्याही मशीनला लागू पडतील अशा आहेत.

रूम १२ बाय १४ ची, दुसऱ्या मजल्यावर, वर उघडा स्लॅब आणि एक भिंत पश्चिमेला, म्हणजे एप्रिलमध्ये संध्याकाळी सहाला भिंतीला हात लावला तर तवा. आत सर्व्हरचे दोन रॅक, नेटवर्कचा एक, आणि यूपीएस पण तिथंच कोपऱ्यात. यूपीएसच्या डिस्प्लेवर लोड ७.१ किलोवॅट, दिवसा-रात्री थोडाफार इकडेतिकडे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं याच्यावरच आहे, कारण सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. यूपीएस स्वतः गरम होतो त्याचे ०.६, भिंत आणि स्लॅबमधून येणारी सव्वा-दीड धरा, झाले ९ किलोवॅटच्या आसपास. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट, म्हणजे गरज अडीच-पावणेतीन टनाची आणि आम्ही चालवत होतो सहा टन. आणि एवढं करून नेटवर्कच्या रॅकशेजारचा सगळ्यात वरचा सर्व्हर इनलेट, म्हणजे आत ओढलेल्या हवेचं तापमान, २९ दाखवायचा! खाली बर्फ, वर भट्टी.

हे सगळं मी आधीपासून मोजून ठेवलेलं अजिबात नव्हतं. एक एसी वर्षात तिसऱ्यांदा गॅस भरायला आला तेव्हा मेंटेनन्सचे काका वैतागले आणि म्हणाले नवीन घेऊ म्हणताय तर आधी बघू तरी हे खातात किती, आणि त्यांनी स्टोअरमध्ये पडलेला एक सबमीटर तिन्ही एसीच्या लाईनवर लावून दिला. महिनाभर रोज सकाळी नऊला रीडिंग वहीत लिहिलं. दिवसाला सरासरी १३२ युनिट. सर्व्हर स्वतः दिवसाला १७० युनिट खातात आणि त्यांना थंड ठेवायला १३२, हे साहेबांना दाखवलं तर ते पहिल्यांदा म्हणाले मीटर खराब असेल.

मग कोटेशनं मागवली. पहिला आला तो म्हणाला तीन नवीन फाइव्ह स्टार इन्व्हर्टर स्प्लिट लावा, विषय संपला. स्वस्त होतं, आणि खरं सांगायचं तर छोट्या रूमला ते वाईट पण नाही, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे ती स्टारची पट्टी वर्षाला १६०० तास एसी चालेल असं धरून काढलेली असते, घरासाठी ठीक आहे, आपल्या सर्व्हर रूममध्ये वर्षाचे ८७६० तास चालतो, त्यामुळे पट्टीवरचा युनिटचा आकडा बघून हिशोब केला तर तोंडावर पडाल. दुसरी म्हणजे घरचा एसी माणसांसाठी बनवलेला असतो, माणसाला घाम येतो, म्हणून त्याची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते, दोन टनाच्या एसीतला साधारण पाऊण भागच हवा थंड करायला मिळतो. सर्व्हरला घाम येत नाही. ड्रेनच्या पाईपमधून चोवीस तास धार लागलेली असते ना, ते सगळं वीज देऊन काढलेलं पाणी असतं. सर्व्हर रूमसाठी बनवलेल्या मशीनमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर ताकद नुसती हवा थंड करायला जाते, त्यामुळे टनाला टन लावून तुलना करू नका, ब्रोशरमध्ये सेन्सिबल कपॅसिटी म्हणून वेगळा आकडा असतो तो मागा.

दुसरा आला त्याने भिंतीला लागून उभं राहणारं मोठं कपाटाएवढं मशीन आणि खाली फॉल्स फ्लोअर, म्हणजे हवा खेळवायला उचलून बसवलेली दुसरी फरशी, असं काढलं. १२ बाय १४ च्या रूमला फॉल्स फ्लोअर म्हणजे वन बीएचकेला लिफ्ट. त्याला चहा पाजून पाठवला.

तिसरा इन-रोवाला. रॅकच्याच उंचीचं, एक फूट रुंदीचं मशीन, दोन रॅकच्या मधे बसतं, मागची गरम हवा मागून ओढतं आणि थंड करून पुढे सोडतं, म्हणजे हवेला सगळी रूम फिरून यायची गरजच नाही. कल्पना पटली. पण त्याने जी एक्सेल शीट आणली होती तिच्यात लिहिलं होतं की तीन वर्षं दोन महिन्यांत पैसे वसूल. आमच्या काकांनी ती शीट हातात घेऊन चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, हे सेटपॉइंट (एसीला लावलेलं तापमान) आत्ता १८ आणि नवीन मशीनला २५ का धरलाय? जुन्यालाच २५ लावला तर? समोरचा नुसता हसला.

तिथून खरी गोष्ट सुरू झाली. मी म्हटलं महिनाभर थांबू, आधी फुकटचं करून बघू. ब्लँकिंग पॅनल म्हणजे रॅकमध्ये जिथं सर्व्हर नाही तिथं लावायची प्लास्टिकची पट्टी, एका रॅकमध्ये १९ जागा रिकाम्या होत्या आणि तिथून मागची गरम हवा सरळ पुढे येऊन वरच्या सर्व्हरच्या तोंडात जात होती, २९ चं कोडं तिथंच सुटलं. अगरबत्ती लावून बघितली, खरंच, देवघरातली अगरबत्ती घेतली आणि रिकाम्या जागेसमोर धरली, धूर मागून पुढे येत होता. फायर अलार्म आधी बायपास करा एवढंच सांगतो, आम्ही केला नव्हता, त्या दिवशी सगळी ऑफिसची माणसं पार्किंगमध्ये उभी होती आणि सेफ्टी ऑफिसरने माझ्याशी आठवडाभर नीट बोलणं टाकलं.

तर पट्ट्या लावल्या, केबल जिथून आत येतात तिथं ब्रशवाल्या फ्रेम लावल्या, दाराखालच्या फटीला रबर, आणि पश्चिमेच्या खिडकीला आतून थर्माकोल आणि प्लाय. एक स्प्लिट असा बसवलेला होता की त्याची थंड हवा बरोबर रॅकच्या पाठीवर पडायची, म्हणजे जिथून गरम हवा बाहेर यायला पाहिजे तिथंच आपण थंड ओततोय, तो बंद करून टाकला. उरलेल्या दोघांच्या कॉइल प्रेशर पंपाने धुतल्या, भोसरीत शॉप फ्लोअरच्या तेलाचा बारीक थर सगळ्यावर बसतो आणि त्याच्यावर धूळ, कॉइलवरून निघालेला चिखल बघून काका म्हणाले यात कांद्याचं रोप लागेल. आणि सेटपॉइंट १८ वरून २४. एकूण खर्च १४ हजार. पुढच्या महिन्याची सरासरी ९६ युनिट.

२४ वर न्यायला सगळ्यात जास्त विरोध झाला, पैशाला नव्हता तेवढा. सर्व्हर तापेल, वॉरंटी जाईल, अमुक बँकेत तर १६ ठेवतात. तर हे १८ चं खूळ कुठून आलं देव जाणे. ॲश्रे म्हणून अमेरिकेतली एसीवाल्या इंजिनिअर लोकांची संस्था आहे, सगळी दुनिया त्यांचे आकडे धरते, त्यांनी २००८ मध्येच सर्व्हरसाठी १८ ते २७ ही रेंज सांगितलीय, आणि ते पण सर्व्हरच्या तोंडाशी मोजायचं, रूमच्या भिंतीवर नाही. आमच्या सर्व्हरच्या कागदावर तर १० ते ३५ लिहिलंय. घरचे स्टारवाले एसी सुद्धा २०२० पासून चालू केले की २४ वरच चालू होतात, तो बीईईचा, म्हणजे स्टारची पट्टी देणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम आहे, म्हणजे सरकारच्या मते माणसाला २४ पुरतं आणि आम्ही लोखंडाच्या डब्याला १८ देत होतो.

मग २७ का नाही, हे पण करून बघितलं. २७ वर नेलं तर एसीचे युनिट अजून थोडे कमी झाले पण यूपीएसवरचा लोड ७.१ चा ७.४ झाला, कारण सर्व्हरचे स्वतःचे पंखे जोरात फिरायला लागले, रूममध्ये शिरलं की विमान उडतंय असा आवाज. एका हाताने वाचवलं ते दुसऱ्या हाताने गेलं. आम्हाला २४-२५ बरोबर बसलं, तुमचं तुम्ही एक-एक डिग्रीने चढवत जाऊन बघा, यूपीएसचा डिस्प्ले खोटं बोलत नाही.

अजून एक जण म्हणायचे की १८ ठेवायचं ते लाईट गेल्यावर उपयोगी पडतं म्हणून. हा मुद्दा मला पण पटायचा, कारण आमच्याकडे गुरुवार असतो, म्हणजे लाईट जायचा दिवस, पुण्याच्या लोकांना सांगायला नको. लाईट गेली की डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, चालू होईपर्यंत आणि मग एसीचा कंप्रेसर त्याची तीन मिनिटांची वाट बघून उठेपर्यंत सर्व्हर यूपीएसवर चालूच असतात आणि रूम तापत असते. एका गुरुवारी घड्याळ लावून बघितलं. २४ वरून ३२ वर जायला सात मिनिटं लागली. आधी १८ असताना तेच ३२ पर्यंत जायला दहा मिनिटं लागलेली, जुन्या लॉगमध्ये होतं. म्हणजे वर्षभर चोवीस तास एवढी वीज जाळून आपण काय कमावलं तर तीन मिनिटं. तेवढ्यासाठी डीजीची बॅटरी नीट ठेवली तरी बास.

आता मशीन. ९६ वर आल्यावर साहेब म्हणाले मग घ्यायचंच कशाला, आणि त्यांचं बरोबर होतं, पण तेवढ्यात जुन्या दोघांपैकी एकाचा कंप्रेसर गेला तो गेलाच. आर-२२ गॅसचे जुने एसी, कॉइलला तीनदा गॅस-वेल्डिंग झालेलं. मग इन-रो घेतले, दोन, प्रत्येकी १० किलोवॅटचे, तांब्याचे पाईप आणि बसवण्यासकट ११ लाख ४० हजार. इथं एक सांगतो, तो १० चा आकडा ब्रोशरमध्ये मागून ३५ डिग्रीची हवा येते असं धरून दिलेला असतो. छोट्या रूममध्ये गरम हवा थोडी मिसळतेच, आमच्याकडे मागून २९-३० येते आणि तेवढ्यावर मशीन १० देत नाही, कमी देतं. डीलरला तुमच्या तापमानावर किती देणार ते लेखी विचारा, आम्ही विचारलं तेव्हा आकडा साडेसातवर आला. म्हणून एकट्या मशीनवर थोडं ताणतं, उन्हाळ्यात भर दुपारी जास्तच.

दोन्ही एकदम चालू ठेवायची, हे पहिल्यांदा ऐकल्यावर उलटं वाटतं. एक बंद ठेवलं तर वीज वाचेल असं आपलं गणित सांगतं. पण पंख्याचं गणित वेगळं आहे, पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळजवळ निम्म्यावर येते, घनाचा हिशोब आहे तो. कंप्रेसरचं पण अर्ध्या लोडवर मायलेज चांगलं लागतं. आम्ही आठवडा-आठवडा दोन्ही प्रकारे चालवून बघितलं, दोन्ही हळू चालवल्यावर दिवसाला पाच-सहा युनिट कमी लागतात. शिवाय एक बंद पडलं तर दुसरं आधीच जागं असतं.

आणि तरीही पहिल्या महिन्याचं रीडिंग आलं ८४. मला तर घाम फुटला, साडेअकरा लाख घालून ९६ चे ८४? इंजिनिअरला फोन केला तर तो म्हणे पावसाळा आहे सर, ह्युमिडिटीमुळे होतं. मग मी एका शनिवारी डबा खाऊन झाल्यावर खुर्ची घेऊन दोन्ही मशीनच्या समोर बसलो आणि स्क्रीनवरचा एकेक मेनू उघडत गेलो. तासाभराने दिसलं ते असं की डाव्या मशीनवर ह्युमिडिफायरचा दिवा लागलाय आणि उजव्यावर डीह्युमिडिफायचा. एक मशीन पाणी उकळवून वाफ सोडतंय आणि चार फुटांवरचं दुसरं तीच वाफ वाळवतंय, आणि वाळवताना हवा जास्त गार होते म्हणून आतला हीटर लावून परत गरम करतंय. म्हणजे एसीच्या पोटात गीझर! दोघांचे सेन्सर पाच-सहा टक्के इकडेतिकडे दाखवत होते आणि कंपनीची सेटिंग ४५ ते ५० एवढी चिंचोळी, त्यामुळे दोघांची रात्रंदिवस कुस्ती चालली होती आणि मीटर टाळ्या वाजवत होता.

सेटिंग बदलायला गेलो तर पासवर्ड. तो डीलर देईना, म्हणे पॉलिसी आहे. चार मेल झाल्यावर, शेवटच्या मेलमध्ये परचेसवाल्यांना आणि उरलेल्या दहा टक्के पेमेंटला सीसीत घेतल्यावर माणूस आला. ह्युमिडिफायर आणि हीटर दोन्हीकडे बंद केले, वरची मर्यादा ६० टक्के केली, आणि दोन्ही मशीनना एकमेकांशी बोलायची केबल जोडायचीच राहिली होती ती जोडली. दुसऱ्या दिवसापासून साठीत. तेव्हापासून वर्षाची सरासरी ६१, मेमध्ये ६८, डिसेंबरमध्ये ५४. पुण्यात सर्व्हर रूमला वाफ सोडायची गरज मला तरी अजून दिसली नाही, दार घट्ट बंद असलं आणि कॉइल फार थंड नसली तर हवेतलं पाणी तसं पण फारसं निघत नाही. ह्युमिडिफायरचा वेगळा पैसा लावलेला असतो कोटेशनमध्ये, तो आधीच कापून टाका, आणि बोअरच्या पाण्यावर चालवलात तर त्याच्या पॉटमध्ये खडू जमेल तो वेगळाच.

तर हिशोब. आमचा युनिट सगळं धरून दहा रुपयांना पडतो. १३२ चे ९६ झाले त्यात वर्षाला १ लाख ३१ हजार वाचले, खर्च १४ हजार. ९६ चे ६१ झाले त्यात १ लाख २८ हजार वाचतात, खर्च ११ लाख ४० हजार, आणि वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, ५५ हजार ती वेगळी. जुन्या स्प्लिटवर गॅस, पीसीबी, कपॅसिटर मिळून वर्षाला चाळीसेक हजार जायचेच, ते वजा केले तरी दहाएक वर्षं. म्हणजे मशीनचं आयुष्य संपत आलं की पैसे वसूल. त्या एक्सेल शीटमधले तीन वर्षं दोन महिने कुठून आले तर त्यांनी १४ हजारांच्या पट्ट्या-थर्माकोल-सेटपॉइंटची बचत पण स्वतःच्या मशीनच्या नावावर टाकली होती आणि वर युनिट चौदा रुपये धरला होता. फक्त वीजबिलासाठी कोणी घेत असेल तर माझ्याकडून नाही.

पण मग परत घेशील का विचारलं तर घेईन. आधी पावसाळ्यात स्प्लिटची ड्रेन तुंबली की पाणी थेट रॅकच्या टपावर गळायचं, मी रॅकवर प्लास्टिकचा कागद टाकून वर कपडे वाळत घालायचे चिमटे लावून ठेवले होते, ते दृश्य ऑडिटरने बघितलंय आणि रिपोर्टमध्ये फोटोसकट आहे. रात्री तीनला वॉचमनचा फोन, साहेब आत गरम होतंय, मग चिंचवडवरून गाडी काढून यायचं. आता मेल येतो, एक मशीन थांबलं तरी दुसरं चढतं, सकाळी येऊन बघता येतं. कुठलाच इनलेट २६ च्या वर नाही. जर्किन घरी नेलं. हे पैशात धरता येत नाही पण माझ्या झोपेत धरता येतं.

पीयूई म्हणून एक आकडा सगळे विचारतात, म्हणजे सगळ्या विजेला आयटीच्या विजेने भागायचं, जितकं एकाच्या जवळ तितकं चांगलं. आमचं आधी १.८६ होतं, आता १.४४ आहे. जगभरच्या डेटा सेंटरची सरासरी अजून दीडच्या वरच आहे, गूगल १.१ च्या आसपास सांगतं, त्यांचं सोडा. मधे साहेबांनी कुठंतरी व्हिडिओ बघितला की मायक्रोसॉफ्टने सर्व्हर समुद्रात बुडवले. खरंय ते, २०१८ मध्ये स्कॉटलंडजवळ ऑर्कनी बेटांपाशी ८६४ सर्व्हरचा सिलिंडर खाली सोडला आणि २०२० मध्ये वर काढला. साहेब म्हणाले आपल्याकडे पण काहीतरी असं नॅचरल बघा, नदी जवळच आहे. इंद्रायणीचा फेस बघितल्यावर मी तो विषय वाढवला नाही. फेसबुकचं स्वीडनमध्ये लुलियोला आहे ते बाहेरच्या थंड हवेवर चालतं, ती आयडिया मात्र मला डिसेंबरच्या रात्री येतेच, बाहेर बारा डिग्री आणि आपण कंप्रेसर चालवतोय. पण आमच्या खिडकीबाहेर ग्राइंडिंग शॉपचा एक्झॉस्ट आहे. ती हवा सर्व्हरमध्ये घालायची म्हणजे फिल्टर दर आठवड्याला बदलायचे, आणि तेलाचे बारीक कण त्यातून पण जातातच. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात कोरडी हवा असते तिथं पाणी मारून गार करायचा प्रकार चांगला बसतो म्हणतात आणि ते गणितात पण बसतं, कूलर तिकडे का चालतो आणि मुंबईत का चालत नाही तेच कारण. ऐरोली-महापेच्या मोठ्या डेटा सेंटरची गोष्ट पूर्णच वेगळी, तिथले चिलर आणि टॉवर बघून आपल्या तीन रॅकसाठी काही शिकायला जाऊ नका.

तक्रारी अजून आहेत. आउटडोअर युनिट डीलरच्या माणसांनी गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली बसवले, तीन बाजूंनी भिंत आणि वर पत्रा, म्हणे ऊन लागणार नाही. ऊन नाही लागलं पण सोडलेली गरम हवा तिथंच घुमायची. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी अडीचला दोन्ही मशीन हाय प्रेशरवर ट्रिप, बाहेर चाळीस आणि त्या खोबणीत मी थर्मामीटर धरला तर ४७. दोन तास रूमचं दार उघडं ठेवून पेडेस्टल फॅन लावून काढले. मग काकांनी फॅब्रिकेशनच्या पोरांकडून पत्रा कापला आणि एका भिंतीला जाळी काढली, त्यानंतर एकदाही ट्रिप नाही आणि मेचं रीडिंग पण त्यामुळेच ६८ वर थांबलं असं माझं मत आहे. जागा बसवायच्या आधी स्वतः गच्चीवर जाऊन बघा, गरम हवेला समोर निदान आठ-दहा फूट मोकळं पाहिजे.

कंट्रोलरची सप्लाय यूपीएसवर घ्या, कंप्रेसरची नाही, नुसती कंट्रोलर आणि पंख्याची, जर तुमच्या मशीनमध्ये तशी वेगळी देता येत असेल तर. आमच्यात येत होती पण कोणी सांगितलं नाही, आम्हीच मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत शोधलं. गुरुवारी लाईट जाते तेव्हा पंखे फिरत राहतात, कंट्रोलरला परत बूट व्हायला लागायचा तो वेळ वाचतो, आणि ३२ पर्यंत जाणारी रूम आता २९ वर थांबते.

बाकी मशीनची बनावट चांगली, दारं नीट बसतात, फिल्टर काढायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, आवाज स्प्लिटपेक्षा जास्त आहे पण रूममध्ये कोण बसतंय. पाचपैकी मशीनला चार, डीलरला दीड. एकच रॅक असेल, दोन-तीन किलोवॅटचा लोड असेल तर इन-रोच्या नादी लागू नका, दोन चांगले इन्व्हर्टर स्प्लिट आणि त्यांना आलटून पालटून चालवणारा टायमर, एवढं पुरे. आणि मोठं मशीन पुढे लागेल म्हणून आत्ताच घेऊ नका, इन्व्हर्टर असला तरी तो एका मर्यादेखाली हळू होत नाही, मग सारखा बंद-चालू करत बसतो आणि कंप्रेसरची वाट लावतो. कमीत कमी किती टक्क्यांवर चालेल ते विचारा, आमचं तीसपर्यंत उतरतं.

पाण्याचा पंप राहिला सांगायचा. इन-रोला खाली जागा नसते म्हणून ड्रेनचं पाणी एक छोटासा पंप वर ढकलतो, आमचा उजवीकडचा मागच्या जुलैमध्ये गेला, अलार्म वेळेवर वाजला म्हणून वाचलो, पण माणूस यायला दोन दिवस लागले आणि तोपर्यंत मी आणि आमचा ट्रेनी मुलगा दर तीन तासांनी ट्रे मगाने उपसत होतो, साडेअकरा लाखांच्या मशीनसमोर बाथरूमचा मग घेऊन. आता एएमसी रिन्यूअलचा कागद आलाय, रक्कम १८ टक्के वाढवलीय आणि पंप गुपचूप कन्झ्युमेबलच्या, म्हणजे करारात न धरलेल्या सामानाच्या, यादीत टाकलाय. मी त्यावर लाल पेनाने गोल करून परत पाठवलाय, उत्तर अजून आलेलं नाही.